एकाच खुणेची मेंढरं

चैत निम्मा सरला होता. पहाटेचं वारं अंगाला गोड लागायचं आणि दहा वाजले की तेच वारं उलटून तोंडावर फुफाटा मारायचं. म्हणून बालाजी बंडगर उजाडायच्या आतच घराबाहेर पडायचा. डोक्याला टॉवेल, खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची लांबलचक लोखंडी चावी, आणि मागंपुढं वाडीतली दोन कुत्री. परंड्याहून कुर्डुवाडीकडं जाणारी एसटी जिथं हात केला तर थांबते आणि नाही केला तर बरं झालं म्हणून निघून जाते, तिथली ही धनगरांची वाडी. बालाजी तिथला पाणी सोडणारा. ग्रामपंचायतीच्या कागदावर त्याचं पद चांगलं लांब आहे. बायका नुसतं 'पाणीवाला' म्हणतात, आणि पाण्याला उशीर झाला तर जे म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवशी वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडून तो खालच्या गल्लीत वाकला, तर प्रेमाबाई रिकामी घागर काखेला लावून उभीच होती.

"बालाजी, काल आमच्या नळाला नुसती हवा आली. हवाच भरून ठेवू का रे रांजणात?"

"मावशी, टाकी लहान हाय. समद्या गल्ल्या एकदम सोडल्या तर समद्यांनाच थेंब. म्हनून पाळीपाळीनं. ज्याची पाळी त्याला फुल्ल धार."

"आन् आज तुझी पाळी हाय म्हनं. मेव्हणा येणार हाय न्हवं परीक्षा घ्यायला?"

बालाजीनं चावी जोरात फिरवली. वाडीत पाणी उशिरा पोचतं, बातमी नाही.

परीक्षा होती हे खरं होतं. त्याची बायको करिश्मा ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. आजवर जावेच्या मशीनवर भागवत होती. आता माहेरून तिला स्वतःचं शिलाई मशीन मिळणार होतं आणि तिचा धाकटा भाऊ उत्कर्ष ते आजच गाडीत घालून धाराशिवहून आणणार होता. प्रश्न एवढाच की मशीन मांडायचं कुठं. घरात उजेडाचा कोपरा एकच, खिडकीपाशी. झटका न देणारा प्लगही तिथंच. आणि त्या कोपऱ्यात बालाजीचा संगणक बसलेला. बार्शीचा एक फोटो स्टुडिओ बंद पडला तेव्हा तिथून आणलेला. आजूबाजूचे पत्रे काढून उघडा ठेवलेला, चैतात उघड्या अंगानं बसलेल्या म्हाताऱ्यासारखा.

"ओसरीत मांडू मशीन," बालाजी म्हणाला होता.

"ओसरीत फुफाटा येतोय. गिऱ्हाइकाचं पांढरं ब्लाऊज चहाच्या रंगाचं करून देऊ का?"

"मग संगणक हलवू म्हणतीस? आगं, त्यो कधी अडत न्हाय. इतकी मोठी गेम त्याच्यावर चालती, धाराशिवात लोकांच्या मशीनी बसत्यात तिच्यापुढं."

करिश्मानं कणकेचे हात तसेच कमरेवर ठेवले. "बरं. माझ्या भावासमोर चालवून दावा. एकदा जरी पडदा अडला तर कोपरा माझा. न्हाय अडला तर मी बसते ओसरीत, तोंडातून शब्द काढणार न्हाय."

करिश्मा तोंडातून शब्द काढणार नाही, हे बक्षीसच एवढं मोठं होतं की बालाजीनं तिथल्या तिथं हो म्हटलं.

गेमचं नाव इंग्रजी आणि भलतंच लांब, म्हणून घरात सगळे तिला 'राज्य' म्हणायचे. एका राजाचं राज्य संकटात आहे आणि आपण त्याचे घोडेस्वार. डोंगर, जंगल, गावं, बाजार, लांडगे, चेटकिणी, सगळं मोकळं. जिकडं घोडा घालाल तिकडं वाट. उत्कर्षकडंही तीच गेम होती. त्याचा संगणक काचेच्या पेटीत, आत निळे-तांबडे दिवे फिरतात, गणपतीच्या देखाव्यासारखे. "दाजी," तो फोनवर म्हणाला होता, "तुमचा डबा पहिल्याच डोंगराला धाप लागून बसंल." पण डबा बसला नाही. डोंगर चढला, पलीकडं उतरला, नदीत चांदणंसुद्धा हललं. बालाजी बघत राहिला.

राज्याच्या संकटाशी त्याला फारसं घेणंदेणं नव्हतं. त्याला वेड लागलं ते कारागिरीचं. त्यानं मोबाईलवर खूप शोधलं, बघितलं, आणि त्याला उमगलं की ही गेम सगळं जग एकदम चितारतच नाही. आपण जिकडं तोंड करू तेवढंच चितारते. पाठीमागचं बंद. लांबचं झाड म्हणजे नुसता हिरवा ठिपका. जवळ गेलं की त्याला फांद्या फुटतात, आणखी जवळ गेलं की पानं. बनवणारे कोण, कुठल्या देशाचे, त्याला ठाऊक नव्हतं. पण त्यांच्यात एखादा पाणी सोडणारा असणारच, अशी त्याची पक्की खात्री झाली. पाळीपाळीनं. ज्याच्याकडं तोंड त्याला फुल्ल धार.

तरी घरच्यांची तक्रार असायचीच. सुरुवातीला त्यानं सावल्या बंद ठेवल्या होत्या, कारण सावल्यांनाच सगळ्यात जास्त जोर लागतो. एक दिवस त्याची आई, सिताबाई, शेंगा निवडता निवडता पडद्याकडं बघत बसली आणि सूप टाकून उठली. "आरं, ह्या मानसास्नी सावलीच न्हाय! भुतं घरात आणलास व्हय रं?" त्या दिवसापासून ती त्या खोलीत एकटी बसेना. शेवटी बालाजीनं सावल्या थोड्या चालू केल्या आणि तेवढा भार कमी करायला गवत बंद केलं. लगेच त्याचा बाप, धुळाप्पा, कडाडला, "गवत कुठं गेलं? मेंढरं काय दगडं खात्याल?" मग गवत आलं आणि लांबचे डोंगर धुक्यात गेले. डोंगरांच्या बाजूनं बोलणारं घरात कोणी नव्हतं.

धुळाप्पानं उभा जन्म मेंढरांमागं काढला. गुडघे गेले तसा कळप विकला. आता दारात वीसेक मेंढ्या आणि त्यांची कोकरं, तेवढंच. दुपारी मेंढ्या लिंबाखाली रवंथ करत बसल्या की म्हातारा आत येऊन संगणकापुढं बसायचा. त्याला तलवारी आवडायच्या नाहीत. "मानसांच्या भांडनात पडू नगं. लांडगा आला तर मार." आणि मग एका दुपारी टेकाडावर एक मेंढरू दिसलं.

"थांब! एकटंच ऱ्हायलंय ते. धनी कुठाय त्याचा?"

"आबा, ते असंच असतंय. शोभेला."

"शोभेला मेंढरू? येडा का खुळा तू? रातीला लांडगं फाडत्याल. घाल घोडा मागनं."

मेंढरू घोड्याला बिचकून पुढं पळायचं, म्हणजे हाकता यायचं. त्या दिवशी एक हाकलं, दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठची चार, आणि बघता बघता राजाचा घोडेस्वार धुळाप्पाचा गडी झाला. राज्यभरातली मेंढरं राजधानीच्या वेशीबाहेरच्या कुरणात गोळा झाली. राजाचा निरोप्या अधूनमधून घोडा फेकत यायचा आणि ओरडायचा, राज्य संकटात आहे, वेळ थोडा आहे. बालाजी त्याचं मराठी करून सांगायचा. धुळाप्पा म्हणायचा, "म्हनावं, मेंढरं लावतो आन् येतो."

एकदा बालाजीनं चूक केली. गेम एवढी हलकी कशी चालते ते त्यानं बापाला समजावून सांगितलं.

म्हातारा ताठ झाला. "म्हंजी आपुन म्होरं बघतोय तवर मागं काय बी न्हाय?"

"हिशोबात असतंय आबा. चितारलेलं नसतंय."

"फिर मागं!"

बालाजी फिरला. मेंढरं होती.

"आता म्होरं बघ. हां, फिर मागं!" दोन दुपारी यातच गेल्या. शेवटी धुळाप्पानंच तोड काढली. धनगरानं कळपाच्या म्होरं चालायचंच नाही, मागनं चालायचं. सगळी मेंढरं नजरेपुढं. बापाच्या दृष्टीनं हे रास्तच होतं. पण नजरेपुढं सगळी म्हणजे सगळीच चितारायची, आणि संगणकाचा पंखा तेव्हापासून गिरणीसारखा वाजायला लागला. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसायचा, सेकंदाला किती चित्रं पडतात त्याचा. तिसावर असला की चित्र पाण्यासारखं वाहायचं. मेंढरं पुढं घेतली की विसावर यायचा. बालाजी ते कोणाला सांगत नव्हता.

आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी धुळाप्पानं कळपात घोडा घालून जवळनं बघायला सांगितलं. तो बराच वेळ बघत होता. मग त्याचा आवाज बारीक झाला.

"बालाजी. ह्याच्या डाव्या कानाला कातरा हाय बघ. आता ते दुसरं बघ. त्योच कातरा. ते तिसरं. आरं, समद्यांचा कान एकच हाय!"

"एकच मेंढरू चितारलंय आबा, आन् त्याचे छापे मारलेत. म्हणून तर हलकं चालतंय."

"छापं मारलं तरी छाप्याचा धनी एकच न्हवं?"

कान कातरून खूण करायची ही धनगराची सही. चुकलेलं मेंढरू सापडलं तर ते बाजारात उभं करायचं; धन्यानं कान ओळखायचा आणि घेऊन जायचं. ही वाडीची रीत. आजवर धुळाप्पाला वाटत होतं, ही इकडची तिकडची चुकार मेंढरं. आता कळलं की एका माणसाचा अख्खा कळप आपण दोन महिने दाबून बसलोय.

"त्यो बिचारा दारोदार हिंडत असंल," धुळाप्पा म्हणाला, आणि त्या रात्री भाकरी अर्धीच खाल्ली.

तर अशा घरात रविवारी दुपारी उत्कर्ष आला. बहिणीनं मशीन उंबऱ्यातच ठेवायला लावलं, ना आत ना बाहेर, आणि मशीनच्याच स्टुलावर ती दारात बसली, तहसीलदारासारखी.

"दाजी, सेटिंग काय हाय ते राहू द्या," उत्कर्ष हात चोळत म्हणाला. "फक्त राजधानीच्या चौकात चला. माझं मशीनसुद्धा तिथं कण्हतंय."

बालाजी गालात हसला. चौकात जायची त्याची तयारी झाली होती. मागच्या बोळातून शिरायचं, घोडा भिंतीला घासून न्यायचा, नजर खाली घोड्याच्या मानेवर ठेवायची. भिंत म्हणजे एकच सपाट चित्र. तिच्या पलीकडचं सगळं शहर बंद. आकडा तिसाखाली येतच नाही. त्यानं लगाम उचलला.

"आन् कळप?" मागनं धुळाप्पा म्हणाला.

"आबा, आज न्हाय. आज पावणे आलेत."

"पावण्यासमोर चोरीचा माल ठिवून बसतोस व्हय? राजधानीत चाललास न्हवं? मग धनी तिथंच घावंल. हाक मेंढरं."

बालाजीनं बायकोकडं बघितलं. ती पदरानं वारं घेत होती. कोपरा की बाप, असा तो सवाल होता. आणि बाप खांद्यावर हात ठेवून उभा होता.

घोडेस्वार कळपाच्या मागं गेला.

"हे काय?" उत्कर्षनं चष्मा वर सरकवला. "दाजी, हे मेंढरांचं मिशन कुठलं? माझ्यात न्हाय."

"तुझ्यात कसं असंल," धुळाप्पा म्हणाला. "तू शहरात ऱ्हातोस."

वेशीपर्यंत ठीक चाललं. वेशीत शिरताना गेममध्ये पाऊस सुरू झाला. वास्तविक बाहेर ऊन रणरणत होतं, आणि आत राजधानीवर धो धो. प्रत्येक थेंब चितारलेला. चौकात बाजार भरलेला, मशाली पेटलेल्या, दगडी फरशीवर मशालींचा उजेड ओला झालेला. आणि त्या सगळ्यावर मेंढरं.

"चोवीस," उत्कर्ष ताप मोजणाऱ्या डॉक्टरसारखा म्हणाला. "अठरा. दाजी, चौदा."

बालाजीनं हळूच नजर वर उचलली. पडद्यावर नुसतं आभाळ आलं. आकडा टणकन तिसावर.

"अहो," दारातून करिश्मा म्हणाली, "राजधानी आभाळात हाय का?"

"पाऊस किती हाय बघत होतो."

"मेंढरं दाव!" धुळाप्पा.

बालाजीनं नजर खाली आणली. अकरा. मग त्यानं तेच केलं जे तो रोज पहाटे करतो. सगळ्यांसमोर त्यानं एकेक व्हॉल्व्ह बंद करायला घेतला. उरलेसुरले डोंगर गेले. गवत गेलं. धुळाप्पा गुरगुरला, पण म्हणाला, "गावात गवत कशाला, चालंल." मग बालाजीनं श्वास घेतला आणि सावल्या बंद केल्या.

"आगं बया, आली परत भुतं!" सिताबाई उठली आणि तडक गोठ्याकडं गेली.

आकडा नऊवर थांबला. अर्धा कळप वेशीच्या आत, अर्धा बाहेर, मधे मेंढरावर मेंढरू. पंखा असा ओरडायला लागला की लिंबाखालची कुत्री उठून दारात आली. आणि पडदा थांबला.

थेंब हवेत थांबले. मशाली थांबल्या. एका बाजारवाल्या बाईचा हात उचललेला तसाच राहिला.

"अडला, दाजी," उत्कर्ष हळू आवाजात म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं असावं.

करिश्मा उठली आणि मशीनला हात घातला.

"गप बसा!" धुळाप्पाचं नाक पडद्याला टेकलं होतं. "कान हालला."

"मामंजी, माशी बसली असंल काचेवर."

"माशी म्या वळखतो. कान हालला त्या मेंढराचा. डावा. कातऱ्याचा."

सगळे वाकले. करिश्माही वाकली, मशीनवरचा हात न काढता. आणि खरंच, एक कान, फक्त एक, पडलेल्या पानासारखा थरथरला. मग दुसऱ्या मेंढराचा तसाच थरथरला, कारण तोही त्याचाच छापा होता. मग एक थेंब खाली पडला, बाईचा हात खाली आला, आणि वेशीत तुंबलेला कळप भदाभदा चौकात उतरला.

"अडला न्हाय!" बालाजी खुर्चीवरून उठला. "उत्कर्ष, तू बघितलास! सांग तुझ्या बहिणीला!"

उत्कर्षनं डोकं खाजवलं. "ताई, खरं सांगायचं तर अडला न्हाय. दम घेतला त्यानं. आन् एवढ्या जुन्या डब्यावर इतकी मेंढरं... बनवणाऱ्याच्या पाया पडावं."

"सावल्या काढल्या, गवत काढलं, डोंगर काढलं," करिश्मा म्हणाली. "उद्या म्या बी सुई काढून मशीन चालवते. लई हलकं चालंल." पण बोलली ते बोलली. "असू द्या. एका कानावर जिंकलाव. उचल रं उत्कर्ष, ओसरीत घे."

बालाजी खुर्चीत बसला तो राजासारखा. पण धुळाप्पाचं काम अजून उरलं होतं. चौकात मेंढरं उभी होती आणि एकही माणूस कान तपासायला येत नव्हता. म्हाताऱ्यानं तिथल्या पहारेकऱ्याला विचारायला लावलं. बालाजीनं बटण दाबलं. पहारेकरी म्हणाला, राज्य संकटात आहे.

"दोन म्हैनं झालं त्येच सांगतंय बेनं," धुळाप्पा म्हणाला. "ऱ्हाऊ दे. राजाच्या वाड्याच्या आवारात लाव मेंढरं आन् दार वढून घे. राजा हाय न्हवं? धनी त्यो हुडकंल. आपल्यावर आळ नगं."

मेंढरं आवारात गेली, दार लागलं, बालाजीनं ते सगळं जपून ठेवायचं बटण दाबलं. धुळाप्पानं एक लांब श्वास सोडला, टोपी झटकली आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

"आता बघा आबा," बालाजी म्हणाला. त्याच्या आवाजात पोराची खुशी होती. "घोडा मोकळा झाला. आता राज्य वाचवतो."

धुळाप्पा दारापाशी थांबला. ओसरीत करिश्मा आणि उत्कर्ष मशीन कुठं टेकवावं ते बघत होते. गरम वाऱ्यानं दोघांचेही डोळे बारीक झाले होते.

"करिश्मा, मशीन आत आन गं. त्या कोपऱ्यात मांड."

"आबा!" बालाजी ओरडला. "पैज म्या जिंकलो न्हवं!"

"जिंकलास की. हारलास म्हनलं का म्या?"

"मग?"

"मेंढरं गेली. मेंढराच्या रिकाम्या वाड्याला राखन कशाला लागतीय?"

राज्य, संकट, राजा, चेटकीण. काय काय सांगावं असं बालाजीच्या मनात आलं. पण बापापुढं ज्या गोष्टीत मेंढरू नाही ती गोष्ट सांगण्यात अर्थ नसतो, हे त्याला बेचाळीस वर्षांत कळलेलं होतं. त्यानं मेव्हण्याकडं बघितलं. मेव्हणा खाली वाकून वायरी सोडवत होता.

"दाजी, ओसरीत धूळ लई हाय," उत्कर्ष टेबलाखालून म्हणाला. "वरून ओलं न्हाय, कोरडं फडकं टाकत जावा. आन् पत्रे बसवा बाजूचे, चिमण्या घुसत्याल."

करिश्मानं मशीन आत घेतलं. खिडकीतल्या उजेडात ते मांडलं, पाय ठेवून बघितलं, आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "सांच्याला ओसरीत वारं गार असतंय. तवा खेळा की. कोण नको म्हणतंय."

बालाजी संगणक छातीशी धरून ओसरीत उभा राहिला. ठेवावा तर कुठं, कोनाडा अरुंद आणि कट्ट्यावर सिताबाईच्या शेंगा. तेवढ्यात गोठ्याकडून सिताबाईची हाक आली.

"बालाजी! कोकरं वरडून मराय लागलीत! सोडतोस का येऊ म्या?"

त्यानं संगणक शेंगांच्या सुपाशेजारी टेकवला, लुंगी वर खोचली आणि गेला. कोकरांवर झाकलेलं डालगं उचललं तशी ती एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत बाहेर पडली, आणि बें-बें करत ज्याची त्याची आई शोधायला लागली. एक काळ्या तोंडाचं कोकरू भलत्याच मेंढीखाली शिरलं. तिनं त्याला ढुशी दिली.

"हिकडं ये, बेण्या," बालाजी म्हणाला. त्यानं कोकराला मानेला धरलं, त्याची खरी आई पायानं दाबून उभी केली, आणि तोंड सडाला लावून दिलं.